हलकं चाललं पाहिजे

"अगं, मशीन फार जड चालतंय. चार टिपा मारल्या की गुडघा बोलायला लागतो. तू एकदा येऊन बघतेस का?"

आत्याचा फोन आला तेव्हा जानेवारीचा पहिला आठवडा होता. ती स्वतःहून कधी काही मागत नाही. दुखलं-खुपलं तरी आम्हाला चार दिवसांनी कळतं, तेही दुसऱ्या कुणाकडून. म्हणून मी त्याच संध्याकाळी सहकारनगरला गेले.

तिला घाई होती. नातसुनेला सातवा महिना लागला होता आणि आजीची दोन सुती पातळं ट्रंकेतून बाहेर आली होती. धुऊन धुऊन इतकी मऊ झालेली की हातात घेतली तर कापडाचं वजनच लागत नाही. त्यांची दुपटी करायची होती. आतले धावदोरे हातानं आणि कडेची टीप मशीनवर, ही आजीची पद्धत. आत्या त्यात बदल करणार नव्हती. मोटर बसवून देतो म्हणून आतेभाऊ मागे लागला होता, विजेवरचं नवं लहान मशीन आणून देतो असंही म्हणाला होता. तिनं दोन्हीला नाही म्हटलं.

"मोटर लावली की मशीन माझ्या पुढं पळतं," ती मला म्हणाली. "मला माझ्या पायानं चालवायचंय. फक्त हलकं चाललं पाहिजे."

आत्या आता ७८ वर्षांची आहे. मशीन तिच्याहून थोडंसंच लहान.

काळं, सिंगरचं पायमशीन. खिडकीखाली, चिटाच्या अभ्र्याखाली झाकलेलं. हेडच्या, म्हणजे स्टँडवर बसणाऱ्या वरच्या मशीनच्या, पाट्यावर उजव्या बाजूला क्रमांक ठोकलेला आहे आणि त्याच्या सुरुवातीला ई आणि एफ ही दोन अक्षरं. ई-नं सुरू होणारी ही जोडअक्षरं स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्याची, आणि त्यात ईएफ म्हणजे १९४०चं दशक सरतानाची मशिनं. मॉडेल पंधरा नंबरचं. हे मॉडेल जगात इतकं पसरलं, त्याच्या इतक्या नकला झाल्या की आपल्याकडच्या घरोघरच्या काळ्या मशिनांची ठेवण बहुतेक हीच असते. त्यामुळे ७५ वर्षांनंतरही त्याची बॉबिन कोपऱ्यावरच्या लेस-बटणांच्या दुकानात मिळते. ते बनवणारा कारखाना मात्र १९८० साली बंद पडला. तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव तेवढं अजून 'सिंगर' आहे.

आजोबांनी ते हप्त्यानं घेतलं होतं. हप्त्यानं मशीन विकायची रीत १८५६ सालची, सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याची. एकरकमी पैसा ज्या घरात कधीच नसतो तिथं मशीन पोचलं ते या रीतीमुळे. आपल्याकडे नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकातच मुंबईत बसून हा कारभार हिंदुस्थानभर आणि पार ब्रह्मदेश-सिलोनपर्यंत वाढवला. आमच्या घरातले हप्ते आजीनं फेडले, वाड्यातल्या आणि शेजारच्या वाड्यातल्या बायकांची पोलकी शिवून. शिवण ती सेवासदनात शिकली होती. रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानं १९०९ साली निघालेल्या त्या संस्थेनं पुण्यातल्या किती बायकांच्या हाताला काम दिलं याचा विचार मी फार उशिरा केला. लहानपणी आम्हाला फक्त एवढंच माहीत होतं, की आजी मशीनवर बसली की तिच्याशी बोलायचं नाही.

हेड स्टँडवरून काढणं सोपं असतं. मागच्या दोन बिजागऱ्यांचे स्क्रू खालून ढिले केले, पट्टा काढला, की हेड उचलून हातात येतं. फक्त बारा-तेरा किलोचं बिडाचं वजन आहे हे लक्षात ठेवून कमरेतून वाकायचं नाही. मी ते जुन्या चादरीत गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं आणि कोथरूडला घरी आणलं. बाबांची हत्यारांची पेटी माझ्याकडे आहे. गॅलरीत वर्तमानपत्रं अंथरली, उन्हाची जागा बघून पाट ठेवला आणि हेड आडवं केलं.

हातचाक फिरवून बघितलं. फिरत होतं, पण काकवीत हात घातल्यासारखं.

कारण वासावरूनच कळलं. आजीनं आणि नंतर आत्यानंही या मशीनला जे हाताशी असेल ते तेल घातलं होतं: समईतलं गोडंतेल, कधी डोक्याचं खोबरेल. मशीनचं तेल संपलं म्हणून शिवण थांबवायची कुणाला परवडत नव्हती. पण खाण्याचं तेल हवा लागून हळूहळू चिकट होत जातं. गोडंतेल तर वर्षानुवर्षं साचलं की लोखंडावर मधाच्या रंगाचा थर धरतं, नखानं खरवडला तरी निघत नाही. खोबरेल थंडीत थिजतं. आत्या म्हणायची, "दर दिवाळीनंतर हे असंच करतं, मग होळीच्या सुमारास बरं होतं." ती अगदी बरोबर सांगत होती. चोविसेक अंशांच्या खाली खोबरेल गोठायला लागतं, आणि जानेवारीतल्या पुण्यात सकाळी दहा-बारा अंशच असतात.

असा थर काढायला पूर्वी रॉकेल वापरत. आता रॉकेल मिळणं मुश्कील, म्हणून मी रंगाच्या दुकानातून टर्पेंटाइन आणलं. दात घासायचा जुना ब्रश, कान कोरायच्या काड्या, धोतराच्या चिंध्या. जिथं जिथं लोखंडावर लोखंड फिरतं तिथं दोन थेंब सोडायचे, चाक मागंपुढं करायचं, थांबायचं. मग पुन्हा दोन थेंब. पहिल्या दिवशी काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशी सांध्यातून चॉकलेटी रस गळायला लागतो. तो पुसत राहायचा. जोर लावायचा मोह होतो, तेव्हा उठून चहा करून यावा. जोर लावून मशीन सुटत नाही, मोडतं.

एक गोष्ट मी फार सांभाळली. हेडवरची सोनेरी वेलबुट्टी. ती रंगवलेली नसते, चिकटवलेली असते, आणि तिच्यावर लाखेच्या वार्निशचा पातळ थर असतो. त्याला स्पिरिट लागलं की वार्निश विरघळतं आणि वेल चिंधीवर उतरते. मला हे माहीत आहे, कारण पाच वर्षांपूर्वी मैत्रिणीच्या आईचं मशीन स्वच्छ करताना मी स्पिरिटनं पुसलं होतं आणि बघता बघता एक पान गेलं. त्या काकू काही बोलल्या नाहीत. पण त्या पानाची जागा अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. इथं मी वरच्या बाजूला टर्पेंटाइनसुद्धा लावलं नाही. मशीनचंच तेल कापसावर घेऊन गोल गोल, हलक्या हातानं पुसत गेले. तीन तासांनी काळ्यातून सोनं वर आलं. आजीच्या डाव्या हाताचा तळवा जिथं कापडाबरोबर सरकायचा, तिथं मात्र ते नव्हतं. पाट्याच्या पुढच्या कडेला वीतभर लांब पट्टा, काळा रंगही झिजून खालचं राखाडी लोखंड दिसणारा. तिथं मी पुन्हा पुन्हा बोट फिरवलं. ती जागा आरशासारखी गुळगुळीत आहे.

मग सुईखालची प्लेट काढली.

दात्यांच्या मधल्या खाचांमध्ये कापडाचा बारीक लव साचतो, हे सगळ्यांना माहीत असतं. वरवरचा लव आत्या काढत असणारच. पण खाचांच्या तळाशी तो दाबून दाबून नमद्यासारखा घट्ट झाला होता. मी तो सुईच्या टोकानं उचकटला तेव्हा अख्खी पट्टी निघाली, करंगळीच्या नखाएवढी रुंद, आणि तिला थर होते. सगळ्यात वर पिस्ता रंग. तो मी ओळखला, गेल्या वर्षी आत्यानं स्वतःचं पोलकं शिवलं होतं त्याचा. त्याखाली पांढरा. मग खाकी, चांगला जाड. आतेभावांच्या शाळेच्या चड्ड्या. त्यानंतर एक गर्द लाल रेघ, इतकी बारीक की उन्हात धरली तेव्हाच दिसली. ती कशाची ते मला कळलं नाही. खाली पुन्हा पांढरं, मळकं. थरांत अडकलेलं सुईचं मोडकं टोक, एक पितळी हूक आणि एक हिरवा काचमणी. मी ते सगळं वर्तमानपत्रावर ओळीनं मांडलं आणि फोटो काढला. वारा आला आणि लव उडाला, पण फोटो राहिला.

इथपर्यंत मला सगळं ओळखीचं होतं. खांबाच्या मागच्या बाजूला चकाकत्या पत्र्याचं एक गोल झाकण असतं, ते उघडलं तेव्हा मात्र मी हात मागं घेतला.

आत चिखल होता. वाळलेला.

तेलाची मळी काळी आणि चिकट असते. हा करडा-पिवळसर होता. खांबाच्या आतल्या तळाला कोपऱ्यात बसलेला, वरून तेलानं कडक झालेला, पण पेचकसाच्या टोकानं खरवडला की पिठासारखा सुटणारा. बोटांत चोळला तर मधूनच बारीक वाळू लागत होती. घरातल्या खिडकीखाली ठेवलेल्या मशीनच्या पोटात नदीचा गाळ कुठून येणार?

मग कळलं. हे मशीन शनिवार पेठेतलं आहे. ओंकारेश्वराच्या अलीकडच्या वाड्यातलं.

पुण्यात माझ्या पिढीनं पानशेतचं नाव गोष्टीसारखं ऐकलेलं आहे. १२ जुलै १९६१, बुधवार. रात्रभर लष्कराचे जवान पानशेतच्या धरणावर वाळूची पोती रचत होते. सकाळी धरण फुटलं, ते पाणी खाली खडकवासल्यावर आलं, आणि मग तेही धरण गेलं. मुठा नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, लकडी पूल बुडाला. आमच्या घरात याबद्दल फारसं बोललं जात नसे. आजी तर कधीच बोलली नाही. बाबा तेव्हा सहा वर्षांचे होते, त्यांना फक्त कुणाच्या तरी खांद्यावर बसून पर्वतीकडे गेलेलं आठवायचं.

मी आत्याला फोन केला. सांगितलं, मशीनच्या आत गाळ सापडलाय, बहुतेक पानशेतचा.

ती जरा वेळ गप्प होती. मग तिनं जे सांगितलं ते मी कधी ऐकलेलं नव्हतं. ती चौदा वर्षांची होती. धरण फुटल्याची आवई सकाळीच उठली होती, पण अशा आवया दोन दिवस उठत होत्या, म्हणून आजोबा कामावर गेले होते. मग गल्लीत पळापळ सुरू झाली. आजीनं धाकट्याला आत्याच्या ताब्यात दिलं, दागिन्यांची पुरचुंडी कमरेला बांधली आणि दारातून परत आत गेली. "मला वाटलं देव घ्यायला गेली," आत्या म्हणाली. "ती मशीनपाशी गेली. उचलायचा प्रयत्न केला, ते कुठं उचलणार एकटीला? मग तिनं त्याच्यावर लाकडी झाकण घातलं, कडी लावली, आणि आली."

दोन दिवसांनी परत आले तेव्हा खोलीत गुडघ्याच्या वरपर्यंत चिखल होता. झाकण वाहून गेलं होतं. मशीन भिंतीला टेकून आडवं पडलं होतं आणि त्याच्या पट्ट्यात कुणाचं तरी धोतर अडकलेलं होतं. नळाला पाणी नव्हतं, कारण शहराचं पाणी ज्या धरणातून यायचं तेच फुटलं होतं. वाड्याच्या विहिरीतला चिखल उपसल्यावर जे गढूळ पाणी लागलं त्यानं आजीनं आधी पिण्याची भांडी धुतली आणि त्यानंतर लगेच मशीन धुतलं. मग कुणाकडून तरी बाटलीभर रॉकेल मागून आणलं. आतलं गोल झाकण तिनं उघडलं नसावं. ते उघडतं हेच तिला ठाऊक नसेल. मशीन पुन्हा फिरायला लागायला आठ दिवस गेले.

वाडा राहण्यासारखा उरला नव्हता. पूरग्रस्तांना गोखलेनगरला अर्धगोल पत्र्याच्या बराकी दिल्या, त्यातली एक मिळाली. मशीन तिथं गेलं. मदत म्हणून आलेल्या कापडाचे आजीनं तिथं परकर शिवले, झबली शिवली, शेजारणींना शिवून दिली. "उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली बसवत नसे," आत्या म्हणाली, "म्हणून ती पहाटे शिवायची. मला जाग यायची ती त्या आवाजानं."

म्हणजे हे लाकडी झाकण नसलेलं मशीन आणि त्याच्यावरचा चिटाचा अभ्रा, जो मला जन्मापासून माहीत आहे, तो असा आला. टेबलाची मूळची फळीही पाण्यानं फुगून सुटली होती, आता आहे ती पेठेतल्या सुताराची, सागवानी. क्लाइडबँकच्या त्याच कारखान्यात १९११ साली मोठा संप झाला होता. त्याची ठिणगी पडली ती मशिनांच्या लाकडी पेट्यांना पॉलिश करणाऱ्या बारा बायकांच्या खात्यात. माणसं कमी करून काम वाढवलं म्हणून त्या उठल्या आणि बघता बघता अकरा हजार लोक बाहेर पडले. आजीच्या मशीनचं पॉलिश त्यानंतर कित्येक वर्षांनी कुणी केलं असेल, पण ते कुणाच्या तरी हातानंच झालं असणार, आणि ते मुठेनं नेलं.

मी आत्याला म्हटलं, "तो गाळ मी काढत नाही. थोडा तरी तसाच ठेवते. नाहीतर डबीत भरून ठेवते."

"कशाला?"

"आठवण म्हणून."

"काढून टाक," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम कोरडा झाला होता. "सगळा काढ. आम्ही तीन महिने चिखल काढत होतो घरातून. भिंतीतून, फडताळातून, गहू ठेवायच्या पिंपातून. आईची नखं गेली होती त्यात. तेव्हाच निघायला हवा होता तो. राहिला कसा?"

मी सगळा काढला. ब्रशनं, काडीनं, शेवटी सायकलच्या पंपानं हवा मारून. एक कणही ठेवला नाही. वर्तमानपत्राची पुडी बांधली आणि खाली नेऊन कचऱ्यात टाकली.

हेडचं बाकी काम सरळ होतं, एका गोष्टीचा अपवाद सोडून. ती सांगताना मला अजून राग येतो. काही वर्षांपूर्वी दोरा तुटतो म्हणून आत्यानं एका कारागिराला बोलावलं होतं. त्यानं आतलं मूळ शटल, म्हणजे वरचा दोरा पकडून बॉबिनभोवती फिरवणारा भाग, 'खराब झालंय' म्हणून काढून नेलं आणि दुसरं बसवलं, ज्याच्या चोचीवर हाताला लागेल एवढी कोर होती. दोरा तिथंच चिरत होता. हातचाकाच्या मधल्या स्क्रूमागची कानवाली वॉशरही त्यानं उलटी बसवली. ती उलटी असली की स्क्रू ढिला करूनही चाक मोकळं सुटत नाही, म्हणजे बॉबिन भरताना सुईसुद्धा खालीवर नाचत राहते. आत्या तेव्हापासून बॉबिन भरताना दर वेळी सुई काढून ठेवत होती. डोळ्यांना नीट दिसत नसताना. तिला वाटलं, मशीन म्हातारं झालं, आता असंच चालायचं. वॉशर अर्धा फेरा फिरवून बसवायला मला एक मिनिट लागलं. ज्यांना कुणाकडे दाद मागता येत नाही अशा म्हाताऱ्या माणसांच्या घरातल्या वस्तूंशी असं वागू नये.

शटलसाठी मी रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेले. बुधवारी आणि रविवारी तो भरतो. दोन तास फिरल्यावर एका गोणपाटावर, नळाच्या तोट्या आणि घड्याळाच्या पट्ट्यांमध्ये, मोडून पडलेलं एक पंधरा नंबर दिसलं. हेडला तडा होता, पण शटल निर्मळ होतं. चोचीवरून नख फिरवलं, कुठंही अडलं नाही.

घरी येऊन ते बसवलं, टेन्शनच्या चकत्यांमधला लव काढला, सोळा नंबरची नवी सुई लावली, सगळ्या भोकांत मशीनचं खरं पातळ तेल एकेक थेंब घातलं. बॉबिनची डबी दोऱ्याला लोंबती धरून हलका हिसका दिला. ती दोन बोटं खाली आली आणि थांबली, जशी यायला हवी तशी. दोन घड्या कापडावर टीप मारली. वरचा आणि खालचा दोरा कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकत होता, दोन्ही बाजूंनी टाका सारखा. हातचाक एका बोटानं फिरत होतं.

मी हेड सहकारनगरला नेलं, बिजागऱ्यांवर बसवलं, नवा चामडी पट्टा घातला आणि आत्याला बसवलं. तिनं दोन्ही पाय पायडलवर ठेवले, चाकाला हातानं सुरुवात दिली आणि दहा-बारा टाके मारले.

"छान आहे गं," ती म्हणाली. पण तिचा उजवा हात गुडघ्यावर गेला होता.

मला रडू येईल असं वाटलं. दोन आठवडे मी हेडवर काम केलं होतं. तिनं 'मशीन जड चालतंय' म्हटलं तेव्हा मी काळं लोखंड आणि सोनेरी वेल बघितली. तिच्यासाठी मशीन म्हणजे पायाखालचं, आणि तिथं मी हातही लावला नव्हता.

मी जमिनीवर बसले, मोबाइलची बॅटरी लावली आणि स्टँडखाली डोकं घातलं.

मोठ्या चाकाच्या आसावर दोरे गुंडाळलेले होते. दोरे आणि केस. शिवताना खाली पडलेलं प्रत्येक टोक चाकानं ओढून घेतलं होतं आणि आसाभोवती त्याची तेलानं घट्ट झालेली मूठ झाली होती. ती ब्लेडनं कापून काढायला अर्धा तास लागला. काळे केस होते, पिकलेले होते, आजीचे असतील, आत्याचे असतील. मग दिसलं की आस धरून ठेवणारा टोकदार स्क्रू पार आवळलेला आहे. आतेभावाला विचारलं तर म्हणाला, खडखड आवाज येत होता म्हणून मीच घट्ट केला. आवाज गेला होता खरा, पण चाक धरलं गेलं होतं. चेकनट सैल करून मी तो स्क्रू पाव फेरा मागं घेतला, तेल सोडलं. पायडलच्या दोन्ही कोपऱ्यांतले खिळेही तसेच कोरडे, तिथंही तेल. आणि शेवटी पट्टा. तो मी घसरू नये म्हणून तोकडा कापला होता. इतका ताणलेला होता की दोन्ही चाकांना एकमेकांकडे ओढत होता. चामडं नंतर सैल होणारच हा माझा हिशेब होता, पण ते होईपर्यंत ओढ आत्याच्या गुडघ्यावर येणार होती. मी परत दुकानात गेले आणि दुसरा पट्टा आणला. या वेळी बोटभर लांब कापला, तारेचा आकडा घालून जोडला. बोटानं दाबला की जरासा दबतो, एवढाच ताण.

मोठं चाक हातानं ढकलून सोडलं. फिरत राहिलं. पायडल त्याच्याबरोबर आपोआप वरखाली होत राहिलं, आणि मग सावकाश थांबलं. त्याला आता खडखडही होती, अगदी बारीक.

"हा आवाज," आत्या म्हणाली. ती दारात उभी होती. "हा यायला पाहिजे."

ती बसली. पण दोरा नको म्हणाली. पणतूसाठी आणून ठेवलेल्या वहीतला एक रेघी कागद तिनं फाडला. शिवणक्लासात पहिले काही दिवस दोरा देत नसत, बिनदोऱ्याच्या सुईनं कागदाच्या रेघेवरून मशीन चालवायला लावत, रेघ सुटली की छडी. आजीनं तिलाही तसंच शिकवलं होतं, बराकीत. तिनं कागद सुईखाली धरला, चाकाला हात दिला, टाच आणि चवडा, टाच आणि चवडा. कागद टकटकत पुढं सरकला. एक रेघ संपली, तिनं कागद वळवला, दुसरी घेतली. तिसरी. गुडघ्यावर हात गेला नाही.

मग तिनं कागद खिडकीच्या उजेडात धरला. चष्मा कपाळावर सरकवला. तीन रेघांवर भोकांच्या तीन ओळी, सारख्या अंतरावर, त्यांतून पलीकडचं ऊन दिसत होतं. दुसऱ्या ओळीत एका जागी दोन भोकं रेघेच्या खाली उतरून परत वर आली होती.

"इथं पाय चुकला माझा," ती म्हणाली. "मशीनचं काही नाही."

कागदाची घडी करून तिनं ड्रॉवरमध्ये ठेवली आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ माझ्या हातात दिलं. "ओव तेवढा. मला भोक दिसत नाही. आणि उलट्या बाजूनं ओवू नकोस, सगळे तिथंच चुकतात."

मी टोक ओलं केलं आणि ती सांगेल त्या बाजूनं ओवलं. तिनं चाक एकदा फिरवून खालचा दोरा वर घेतला, दोन्ही टोकं मागं सारली, आणि आजीच्या पातळाची कड सुईखाली ठेवली.